लाल ठिपक्यांची बाग

दादा गेला त्याच्या आदल्याच आठवड्यात त्यानं बागेची खरड छाटणी उरकली होती. द्राक्षाच्या वर्षातली ही पहिली छाटणी. माल उतरून गेलेला असतो, वेल थकलेली असते, आणि जुन्या काड्या बुडापासून उतरवून टाकतात. मांडवावर औषधाला पान राहत नाही. तारा, खोडं, आणि खोडापासून दोन्ही बाजूंना तारेवर आडवे नेलेले हात, ज्यांना ओलांडे म्हणतात, एवढंच उरतं. चैत्राच्या उन्हात अशी बाग पाहिली की नवख्या माणसाला वाटावं, इथून आग फिरून गेली. पण अशा वेळी सोडलेलं पाणी बागेला मिळत राहिलं की ओलांड्यांवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, फुगतात, आणि काही दिवसांत सगळा मांडव पोपटी होतो. दादाला हे दिवस फार आवडायचे. मला फोन करून सांगायचा, ये, बघून जा.

या वर्षी बागेला पाणी मिळालं नाही. ते का मिळालं नाही हे मला नीट लिहून ठेवायचं आहे. हे मी रागानं लिहिते आहे. हळू लिहिते, खोडत खोडत लिहिते, पण रागानंच.

दादा छातीत दुखतंय म्हणाला आणि देऊळगाव राजाच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपला. मी बुलढाण्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. मी दुसरबीडजवळच्या आमच्या गावी पोचले तेव्हा अंगणात खुर्च्या मांडून झाल्या होत्या आणि सगळं काकांच्या हातात गेलं होतं. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. काकूच्या माहेरची शेती बघायला ते तरुणपणीच मोताळ्याकडे गेले आणि तिकडचेच झाले. कापूस आणि सोयाबीन, आयुष्यभर तेवढंच. आमच्या गावची जमीन आजोबांमागे तोंडी वाटली गेली होती. बाग ज्या तुकड्यात आहे तो दादाकडे आला, पण कागदावर सगळं सामाईकच राहिलं. कागद करायची गरज कुणाला वाटली नाही, कारण काकांचा शब्द होता.

काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तेरवी होईस्तोवर वावरात कोणी पाय ठेवाचा नाही. मोटार बंद."

वहिनी कोपऱ्यात बसली होती. डोक्यावरचा पदर तसाच धरून ती म्हणाली, "मामंजी, छाटणी झालीय बागेची. पाणी तुटलं तर डोळे फुटायचे नाहीत."

"घरातला माणूस गेला अन् तुले पाण्याची पडली?"

खोलीत बायका होत्या. त्यांतली एक "बाई गं" म्हणाली, हळूच, पण ऐकू जाईल असं. वहिनीनं पदर आणखी पुढे ओढला. सुतकात शेजाऱ्यानं मोटार चालू करून दिली तर कुणाचं काही बिघडत नाही, आमच्याच गावात सगळे तसं करतात. पण काकांच्या शब्दापुढे शेजारीही आला नाही. तेरा दिवस उन्हाची झळ आणि कोरडे बोद, म्हणजे वेलींच्या बुडाशी घातलेले मातीचे वरंबे. आम्ही भाताचे पिंड करत होतो, कावळ्याची वाट पाहत होतो, आणि मागच्या दारातून दिसणारी बाग तहानेनं उभी होती.

दादाला मूल नाही. म्हणून मडकं धरलं ते काकांच्या मुलानं. तो देऊळगाव राजाला असतो, शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचं बियाणं पिकवतो, बियाण्याच्या कंपन्यांना देतो. वाईट मुलगा नाही. लहानपणी सुट्टीत यायचा तेव्हा दादाच्याच पाठीवर बसून विहिरीत पोहायला शिकला. मी सख्खी बहीण, वहिनी सख्खी बायको, आम्ही दोघी ओसरीवर उभ्या आणि मडकं घेऊन पुढे तो. तेरवीला त्याच्या डोक्याला उपरणं बांधलं. एवढंसं कापड, पण ते बांधून झाल्यावर माणसं त्याच्याशी वेगळ्या आवाजात बोलू लागली, आणि थोड्या वेळानं तोही त्यांच्याशी वेगळ्या आवाजात बोलू लागला.

जेवणं झाल्यावर पाहुणे पाय मोकळे करायला बागेत शिरले. मोताळ्याकडची सगळी कापसाची माणसं. कापूस वेचून झाला की मागे जे वाळकं झाड उभं राहतं ती पऱ्हाटी. ती उपटायची आणि चुलीला लावायची, एवढंच तिचं काम. बिनपानाची काडी या माणसांनी जन्मभर त्याच नजरेनं पाहिलेली. काकांनी एका ओलांड्यावरचं छाटलेलं टोक धरून मोडलं. ते कट्कन मोडलं. छाटलेलं टोक वाळतंच, जित्या वेलीचंही वाळतं.

"पाह्यलं का?" काका म्हणाले. "ह्या त पऱ्हाट्या झाल्या. मेली बाग."

"मालकामागं गेली," कुणीतरी म्हणालं. आणि सगळ्यांनी माना हलवल्या. किती सुंदर वाटलं असेल त्यांना ते वाक्य. मालकामागं बाग गेली. पाण्यावाचून गेली असती तर ती तुमच्या हुकमानं गेली असती, असं त्या गर्दीत कुणी म्हणालं नाही.

दोन दिवसांनी काकांच्या मुलानं ओळखीच्या ड्रोनवाल्याला आणलं. बागेवरून घरघर करत ते यंत्र फिरलं, आणि संध्याकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर नकाशा आला. हिरवा ठिपका म्हणजे जिवंत वेल, लाल म्हणजे मेलेली, असं खाली लिहिलेलं. बिनपानाच्या बागेत यंत्राला हिरवं कुठून सापडणार? सगळी बाग गोवर आल्यासारखी लाल होती. खाली त्यानं लिहिलं होतं, "दादाची बाग. वस्तुस्थिती स्वीकारावी लागेल." मग हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. नागपूरच्या एका आतेभावानं तर न वाचताच "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहून टाकलं. मी फोन पालथा ठेवला. मला त्या क्षणी त्या सगळ्यांचा, एकेकाचा, राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

काकांच्या मुलाचा बेत साधा होता. पावसाआधी जेसीबी लावून बाग उपटायची, तारा-अँगल विकायचे, तिथं शेडनेट उभारायचं. "वहिनी, तुम्हाला घरबसल्या वाटा येईल," तो म्हणाला. "टेन्शनच नाही."

वहिनीनं चौदाव्या दिवशी पहाटेच मोटार चालू केली होती, कुणाला न विचारता. आता ती काकांकडे वळली. "मामंजी, वरून नका दाखवू. कोणती वेल मेली ते मला खाली दाखवा, एकेक. मग उपटा."

काकांना हा हट्ट वाटला असावा, पण माणसं बसली होती. ते म्हणाले, "आखाजीले घागर भराले येतो मी. तवापर्यंत मोजा. निम्म्याच्या वर मेल्या असन त उपटाच्या. कमी असन त बाग राहीन. झालं समाधान?"

"हाव," वहिनी म्हणाली.

मी रजा वाढवली. शाळेजवळच्या दुकानातून चौकटींचे कागद आणले, चिकटवून एक मोठा केला. प्रत्येक ओळ एक रेघ, प्रत्येक जागा एक चौकट. वहिनी पुढे, मी मागे. खोडावर नखानं खरवडायचं. सालीखाली हिरवं ओलं दिसलं तर जिवंत, तपकिरी कोरडं लागलं तर आणखी खाली खरवडायचं, बुडाशी जाऊन पाहायचं, आणि तिथंही कोरडंच असेल तर फुली. खोडच नसेल तर चौकट रिकामी. रिकाम्या जागेला इकडे नांगा म्हणतात. ग्रंथालयात साठा तपासताना आम्ही जीर्ण आणि गहाळ अशी दोन वेगळी खाती धरतो. पुस्तक जीर्ण असेल तर ते समोर असतं, हातात घेता येतं. गहाळ असेल तर फळीवर नुसती फट असते. मला वाटलं होतं, काम तेच आहे.

पहिल्याच दिवशी भांडण झालं. एका जागी खाली खोड नव्हतं, मी चौकट रिकामी सोडली. वहिनी थांबली.

"ते काऊन रिकामं सोडलं?"

"वेल नाही इथं."

"वर बघा ना."

वर बघितलं. शेजारच्या वेलीचा ओलांडा तारेवरून लांबवत आणून त्या जागेवर पसरवलेला होता, सुतळीनं बांधलेला. दादाची पद्धत. वेल मेली की तिथं नवं रोप लावलं तरी दाट मांडवाच्या सावलीत ते रडतच वाढतं. म्हणून तो शेजारणीचा हात ओढून घ्यायचा. खाली जागा रिकामी, वर पानं भरलेली, घडही लागायचे.

"हे भरलंय," वहिनी म्हणाली.

"माल भरलाय. वेल नाही. खोटं कसं लिहू?"

"खोटं?" तिचा आवाज चढला. इतके दिवस तो चढला नव्हता. "आठ दिवस मान वर करून बांधलंय हे. तुमचे दादा वर, मी खाली सुतळी धरून. ते काहीच नाही का? तुम्हाला पुस्तकातलंच पाहिजे का, ताई?"

"माझ्यावर कशाला ओरडतेस? मी तुझ्या बाजूनंच आहे."

"बाजूनं असाल तर वर बघत जा."

आम्ही दोघींनी बराच वेळ वेगवेगळ्या ओळींत काम केलं. दुपारी ती भाकरी घेऊन आली, माझ्या शेजारी बसली, आणि दोघींनी मिळून ठरवलं: अशा जागी पोकळ गोल काढायचा आणि ज्या वेलीनं जागा धरली आहे तिच्यापर्यंत एक रेघ ओढायची. त्यानंतर भांडलो नाही. ती कधीकधी चुकायची. ही नक्की गेली म्हणायची आणि खरवडलं की हिरवं निघायचं. मग ती त्या खोडाला चापट मारायची, "सोंग करते मेली." मीही हसायचे. दादा गेल्यापासूनचं आमचं पहिलं हसणं त्या ओळींत झालं.

पाणी मिळाल्यावर डोळे फुटू लागले. उशिरा, पुढेमागे, काही ओलांडे अर्धे मुके, पण फुटू लागले. तेरा दिवसांचा फटका बसलाच होता. बुडाशी ओल नसलेल्या टोकाच्या ओळीत काही वेली कायमच्या गेल्या. त्यांच्या चौकटींत फुल्या मारताना माझं पेन कागदातून आरपार गेलं. या दादाच्या काळात मेलेल्या नव्हत्या. या तेरवीत मेल्या होत्या.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, काका आले. घागर भरली, सांजोऱ्यांचा नैवेद्य झाला, जेवणं झाली. मी कागद ओसरीवर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार तांबे ठेवले. काकांचा मुलगा उकिडवा बसून पाहत होता. "हे गोल काय आहेत?" मी सांगितलं. तो हसला. "म्हणजे नाहीतच की. रिकामं म्हणजे रिकामं, ताई."

"धर रिकामे," मी म्हणाले. "फुल्यांमध्ये मिळव. तरी निम्म्याच्या जवळपाससुद्धा जात नाहीत."

त्यानं मिळवून पाहिलं. दोनदा. मग काका उठले आणि बागेत गेले, आम्ही मागे. मांडव तोवर पोपटी झाला होता, नकाशाची गरजही उरली नव्हती. काका एका ओळीतून चालत शेवटपर्यंत गेले, परत आले. म्हातारे आहेत, उन्हानं त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता ते वहिनीकडे बघून काहीतरी म्हणतील. चूक झाली असं नाही म्हणणार, ते मला ठाऊक होतं. पण काहीतरी.

"बाग त जितीच हाय," काका म्हणाले. "चांगली हाय. आपल्याले वाटलं नव्हतं."

वहिनीनं डोळे मिटून घेतले.

"मंग असं करू," ते मुलाकडे वळले. "शेडनेट राहू दे. बाग तूच पाह्य आता. मजूर, फवारणी, व्यापारी, बाईमाणसाचं काम नाही ते. सूनबाईले वर्षाचं काय लागन ते देऊन टाकजो."

आणि तो म्हणाला, "हो, चालेल ना. कंडिशन चांगलीच दिसते."

मी हे वाक्य किती वेळा मनात उगाळलं आहे. कंडिशन चांगली दिसते. ती चांगली आहे हे त्याला आम्ही दाखवलं होतं. पंधरवडाभर नखं मोडून आम्ही दोघींनी सिद्ध केलं की बाग घेण्यासारखी आहे, आणि त्यानं घेतली. मेलेली बाग वहिनीला ठेवायला तरी मिळाली असती कदाचित, सरपण म्हणून. जिवंत निघाली म्हणून ती तिची उरली नाही.

"मामंजी," वहिनी म्हणाली, "तुम्ही म्हणले होते बाग राहील."

"राहतेच हाय ना! कोन उपटून राह्यलं?"

"माझ्याकडं राहील असं नव्हतं का ते?"

"आता हे काय नवीन? तू काय परकी हायेस का? घरातच हाय बाग."

मी म्हणाले, "काका, कायद्यानं नवऱ्यामागं बायकोचाच हक्क असतो." माझा आवाज मलाच परका वाटला. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं जेवताना ताटात काही पडावं. "तू तुह्या घरी जाय, पोरी," ते म्हणाले. "कायदा बुलडाण्याले ठेव."

पावसाळाभर तसंच लोंबकळत राहिलं. काकांचा मुलगा आठवड्यातून एकदा गाडी घेऊन यायचा, बांधावरून फोटो काढायचा आणि जायचा. काम वहिनीच करत होती, कारण काम थांबवून चालत नव्हतं. मी दर शनिवारी एसटीनं जायचे. वकिलाकडे गेलो, कागद लागतील म्हणाला, कागद गोळा करू लागलो. ते अजून चालूच आहे, आणि लवकर संपेल असं कुणी म्हणत नाही.

मग गोडी छाटणी आली. ऑक्टोबरची ही छाटणी म्हणजे फळाची छाटणी. जो ही छाटणी करतो, वर्षाचा माल त्याचा. तसं कुठे लिहिलेलं नाही, पण सगळे तसंच धरतात. आदल्या शनिवारी काकांच्या मुलाचा मला फोन आला. गोड बोलला. "ताई, तो तुमचा कागद पाठव ना फोटो काढून. माझी टोळी येतेय सोमवारी. कुठं वेल आहे, कुठं नाही, माहीत असलं की बरं पडतं."

"तो संदर्भग्रंथ आहे," मी म्हणाले. "बाहेर नेता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे देत नाही."

माझ्या आयुष्यात मी इतकं लहान वाक्य त्या घरात कुणाला बोलले नव्हते. फोन ठेवला आणि वहिनीला सांगितलं, सोमवारी येतायत. ती म्हणाली, "मग आपण सोमवारी आधी येऊ."

सोमवारी तांबडं फुटताच वहिनी, गावातल्या तिच्या ओळखीच्या बायका आणि मी विहिरीकडच्या टोकानं सुरुवात केली. वहिनी शिडीवर चढून छाटत होती. मला कात्री येत नाही. मी छाटलेल्या काड्या ओढत होते. थोड्या वेळानं रस्त्याकडच्या टोकाला पिकअप थांबली. माणसं उतरली, कात्र्या काढल्या आणि तिकडून छाटू लागली. एका बागेत दोन टोकांनी दोन टोळ्या. मधे अजून न छाटलेला हिरवा पट्टा, आणि तो दोन्हीकडून आकसत होता. बायकांपैकी एक ओरडली, "ओ भाऊ, चुकीच्या मांडवात आले का? नवरीकडचे की नवऱ्याकडचे?" तिकडून कुणीतरी हसलं. त्यांचा मुकादम म्हातारा होता. तो हातातली कात्री मिटून चालत आमच्याकडे आला, आणि वहिनीची छाटलेली काडी हातात घेऊन डोळे मोजले.

"तुम्ही किती डोळ्यांवर घेऊन राह्यल्या?"

वहिनीनं सांगितलं. तो म्हणाला, "आम्हाला वेगळं सांगितलंय." मग मागे वळून काकांच्या मुलाला म्हणाला, "साहेब, मालक एक ठरवा. अर्धी बाग एका मापानं अन् अर्धी दुसऱ्या, तर माल एकदम येणार नाही. उद्या नाव आमचं खराब होतं." आणि आपल्या माणसांना हात करून बांधावर जाऊन बसला. त्यांनी डबे उघडले.

काकांचा मुलगा माझ्यापाशी आला. चिडला होता, आणि त्याहून जास्त लाजला होता. "ताई, लोकांसमोर तमाशा कशाला?"

"लोकांसमोरच उपरणं बांधलं होतं तुला," मी म्हणाले. "तुझ्या दादाच्या पाठीवर बसून पोहायला शिकलास तू. त्याच्या बायकोला शिडीवरून उतरवायला आलायस."

त्यानं मोबाइल काढून काकांना लावला, आवाज मोठा केला आणि शिडीपाशी जाऊन तो फोन वर, वहिनीच्या तोंडाजवळ धरला. काकांचा आवाज पानांमधून आला, "सूनबाई, खाली उतर. ऐकून राह्यली का? काऊन हट्ट धरला व?"

वहिनीनं पुढची काडी डाव्या हातात धरली, डोळे मोजले आणि कात्री लावली.

"मामंजी, आज छाटणी आहे," ती फोनकडे न बघता म्हणाली. "उद्या काड्यांना डोळे फुटायची पेस्ट लावायचीय. परवा बोलू."

काका काहीतरी म्हणत राहिले. त्यानं थोडा वेळ हात तसाच वर धरला, मग हात दुखला असेल, खाली घेतला. शिडी पुढच्या वेलीखाली सरकवायला तिनं मला खुणावलं, आणि मी सरकवली.